करडा मनोरा

९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोचलं. बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकतेयस, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तिला म्हणावं, आधी माझे ओठ वाच. पन्नास वर्षं एकच वाक्य बोलतोय, हट्ट सोड." मी हे तुला कळवलंय असं त्यांना सांगू नकोस.

आता माझं. सोबत घडी घातलेला मोठा कागद आहे, तो टेबलावर पसर आणि मगच पुढे वाच. पसरलास? हे आपल्या कंपनीचं, इस्पितळांना दिलेलं अख्खं सॉफ्टवेअर आहे, नकाशासारखं मांडलेलं. तुला मी काय शिकवणार, पण मोठ्या साहेबांपुढे इतक्यांदा बोललेय की तोंडाला सवयच झालीय. प्रत्येक फाइल म्हणजे एक इमारत. आत 'असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर' अशी जितकी वळणं, तितकी इमारत उंच. जितक्या ओळी, तितकी रुंद. आणि रंग म्हणजे गेल्या तीन महिन्यांत तिला किती वेळा हात लावावा लागला. लालभडक म्हणजे सतत कुणीतरी डागडुजी करतंय. करडी म्हणजे शांत, कुणाला उघडावीच लागली नाही. उंच आणि लाल दिसली की समजायचं, इथे दुखतंय. दर सोमवारी नवा कागद छापतो आणि जिन्याच्या भिंतीवर मागच्याच्या शेजारी लावतो. ध्यास एकच, दर आठवड्याला थोडं लाल कमी करायचं.

आणि होतंय कमी! मधोमध बघ, ओळखलीस का? तुझी मात्रेची फाइल. बाळाचं वजन बघून औषध किती द्यायचं ते तपासणारी. तुझ्या निरोपाच्या दिवशी मी पहिलंवहिलं चित्र पडद्यावर दाखवलं होतं तेव्हा ही रक्तासारखी लाल होती, आणि 'आत्याबाईंचा मनोरा' म्हणून सगळे किती हसले होते! आता बघ. करडी. आठ महिन्यांत एकही बदल नाही. साहेब म्हणाले, "एकोणीस वर्षांत जे जमलं नाही ते सुधारणा गटानं करून दाखवलं." खरं सांगू? आम्ही तिला बोटसुद्धा लावलेलं नाही, ती आपली आपणच शांत झाली. पण शाबासकी आयती मिळतेय. आयत्या बिळावर नागोबा म्हण हवं तर!

कागद भिंतीला लाव. तुझाही त्यात वाटा आहेच की.

तुझी,
भिंगरी


१४ मार्च

भिंगरे,

परवा गुरुवारी मी फोनवर जे ओरडले ते तुझ्यापर्यंत पोचलं का, हे माझ्या बहिऱ्या कानांना कळायला काही मार्गच नव्हता. नंबर लावला, वीस आकडे मोजले, उचलला असशील असं धरलं आणि बोलत सुटले. तीनदा तेच बोलले. मनोरा करडा व्हायला नको होता. जुलैपासून यादीत आलेलं एकही नवं औषध लहान बाळांना देऊ देऊ नका. आजच्या आज सगळ्या इस्पितळांना कळवा. हातातला फोन थरथरत होता. तू बोलत होतीस की माझाच हात कापत होता, कोण जाणे. शेवटी तशीच सपाता घालून खाली लाँड्रीवाल्याकडे धावले आणि फोन त्याच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं, पावतीच्या पाठीवर लिहिलं, "ती रडते आहे. म्हणते, समजलं." ती पावती अजून माझ्या पदराच्या गाठीत आहे.

आता शांतपणे लिहिते. शांतपणे म्हणजे काय, सकाळपासून चौथा कागद आहे हा.

आपल्याकडे औषधांची एक यादी आहे. त्या फाइलीत दर आठवड्याला चार-दोन नवी औषधं येतात. मनोऱ्याला ती नवी औषधं आपोआप समजत नाहीत. तीन किलोच्या आतल्या बाळाला अमुक औषध जास्तीत जास्त किती, ती मर्यादा कुणीतरी हातानं त्याच्यात लिहावी लागते. मर्यादा लिहिलेली असेल तर डॉक्टरांच्या हातून चुकून जास्त आकडा पडला की तो अडवतो. लिहिलेली नसेल तर तो अडवत नाही, तक्रार करत नाही, काही विचारत नाही. हिरवी खूण दाखवतो आणि जाऊ देतो.

ते 'कुणीतरी' मी होते. दर गुरुवारी यादी उघडायची, नवं काय आलं ते बघायचं, फार्मसीचा तो उशीएवढा ग्रंथ मांडीवर घ्यायचा आणि एकेक मर्यादा लिहायची. एकोणीस वर्षं. तुमच्या नकाशातला तो लाल रंग मीच होते, बाळा. तो गेला म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

निवृत्त होताना दिलेल्या हस्तांतराच्या वहीत हे सगळं लिहिलेलं आहे. पान एकतीस. कुणी उघडलीच नसणार.

किती औषधं आली ते मोज. आणि मला कळव, काय असेल ते, जसं असेल तसं.

आत्या


१८ मार्च

आत्या,

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात नवा कागद सरळ करत होते. तू बोलायला लागलीस आणि मी वर मान करून मनोऱ्याकडे बघितलं. त्याच्या अगदी शेजारी औषधांची यादी, लालबुंद. एक लाल, एक करडा, एकमेकांना खेटून. हे मी दर सोमवारी स्वतःच्या हातानं चिकटवत होते.

साहेबांना सांगायला गेले तर ते आधी हसलेच. "आत्याबाईंना घरी बसून करमत नसेल गं. माणूस निवृत्त झालं की आपल्यावाचून सगळं अडतंय असं वाटतं." मी लांबूला हाक मारली. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, दारातून वाकून येतो म्हणून लांबू, तुला आठवत असेल. त्यानं साहेबांच्याच संगणकावर एक खोटं बाळ तयार केलं, वजन दोन किलो. ऑक्टोबरमध्ये आलेलं एक औषध निवडलं आणि मोठ्या माणसाची मात्रा टाकली. हिरवी खूण. मग दहा माणसांची टाकली. हिरवी खूण. साहेब म्हणाले, "परत कर." त्यानं परत केलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि म्हणाले, "किती आहेत अशी?"

मी मोजलीत. यादीत नवी औषधं एक्केचाळीस. मनोऱ्यात नव्या मर्यादा शून्य.

पंचाहत्तर इस्पितळं आहेत. यादी फाडून प्रत्येकाला दहा-बारा नंबर वाटले आणि सगळे फोनला बसलो. हिशेब विभागातल्या बाईसुद्धा. "बाई, अमुक औषध तीन किलोच्या आतल्या बाळाला देत असाल तर मात्रा हातानं तपासा, आमच्या खुणेवर विश्वास ठेवू नका." आमच्या खुणेवर विश्वास ठेवू नका! हे वाक्य मी अकरा वेळा बोलले. एका ठिकाणच्या सिस्टर मला म्हणाल्या, "मग इतके दिवस कुणाच्या भरवशावर होतो आम्ही?" मी त्यांना औषधांची नावं पुन्हा एकदा वाचून दाखवली. जुलैपासून कुणाला काय दिलं गेलं ते आता प्रत्येक इस्पितळ तपासतंय.

आणि एक गोष्ट. वही काढली. तीसनंतर बत्तीस आहे, आत्या. मध्ये कागदाची फाटकी कड उरलीय, बोटाला लागते. पान कुणीतरी फाडलंय. तू गेल्यावर पहिला महिनाभर ती वही लांबूकडे होती. मग कपाटात, आणि किल्ली माझ्याकडे. म्हणजे दुसरं कोण असणार? गुरुवारची कटकट गळ्यात पडायला नको म्हणून त्यानंच काढून टाकलं असणार. आज तो माझ्यासाठी चहा घेऊन आला, मी घेतला नाही. एवढं कोडगं कसं राहवतं माणसाला? येत्या सोमवारी मी साहेबांना सांगणार आहे. त्याची नोकरी गेली तरी चालेल. जायलाच हवी.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरे,

लाँड्रीवाल्याकडून निरोप दिलाय, 'सोमवारी कुणाबद्दल काही बोलू नकोस, पत्र येतंय.' तो मिळाला असेल अशी आशा करते.

लांबूचं नाव घेऊ नकोस. पान मी फाडलं.

हे एक वाक्य लिहायला दोन दिवस लागले. मागच्या पत्रात पान एकतीस असं ठणकावून लिहिलं तेव्हा मला वाटलं, नाही सापडलं तर ते समजतील की गहाळ झालं. खोटं बोलताना पुढचा विचार कुणी करत नाही. कुणाच्या तरी मानेवर ते जाऊन बसणार, हे लक्षातच आलं नाही.

निरोपाचा दिवस. तुम्ही पडदा लावलात, चित्र आलं, साहेब काठीनं मनोरा दाखवून काहीतरी बोलले आणि सगळे हसले. मला ऐकू येत नाही हे तुला माहीतच आहे, पण ते कसं असतं ते ठाऊक नाही. तीस माणसं आवाजाशिवाय हसतात तेव्हा नुसते दात दिसतात. मी वळून तुझ्याकडे बघितलं, तू सांगशील काय झालं ते. तूही हसत होतीस.

मी माझ्या टेबलाशी गेले. वही तयार होती, चाळीस पानं, सुवाच्य अक्षरात. मी एकतिसावं पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकलं. मनात म्हटलं, येतील. पुढच्या गुरुवारी यादी बदलेल, मनोरा बदलायला हवा हे कुणाच्या तरी लक्षात येईल, आणि धावत येतील. इतकी शिकलेली माणसं! तेव्हा देईन पान. चहा पाजून देईन.

पहिल्या गुरुवारी मी साडी बदलून बसले होते. दाराच्या घंटीला दिवा लावून घेतलाय ना, त्या दिव्याकडे बघत बसले. दुसऱ्या गुरुवारीही बसले. तिसऱ्याला वाटलं, यांना कळलं असणार, म्हणून तर कुणी येत नाही. मनाला जे हवं असतं ते मन स्वतःच स्वतःला येऊन सांगतं. चौथ्या-पाचव्या गुरुवारनंतर मी तो विचारच सोडला. खरंच सोडला. त्याची मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.

आणि एक, ह्याहून जुनं. मर्यादा नसेल तर जाऊ दे, ही ओळ मीच लिहिली होती, एकोणीस वर्षांपूर्वी. तेव्हाच्या साहेबांना घाई होती, म्हणाले, अडवत बसलो तर इस्पितळं ओरडतील, आत्ता जाऊ दे, नंतर बदलू. नंतर मला वेळ होता. एका दुपारचं काम होतं. 'मर्यादा नसेल तर थांब आणि विचार' एवढंच लिहायचं होतं. मी का लिहिलं नाही? ह्या आठवड्यात स्वतःला शंभरदा विचारलं. ते लिहिलं असतं तर माझ्या गुरुवारची गरज उरली नसती. ऐकू येईनासं झाल्यावर बैठका सुटल्या, जेवताना गप्पा सुटल्या. गुरुवार तेवढा राहिला होता. तो मी जपला. बाळांच्या जिवावर जपला.

लांबूचा चहा घे.

आत्या


२७ मार्च

आत्या,

तुझं पत्र फाटकात उभ्याउभ्या वाचलं. मग घरात गेले, मग पुन्हा फाटकात आले, जणू तिथे वाचलं तर काही वेगळं लिहिलेलं असेल. तीन दिवस तुला लिहू शकले नाही. बाबांना सांगितलेलं नाही. लहानपणी तू मला नखं कापायला शिकवलंस, बेरीज शिकवलीस, पहिला प्रोग्रॅम शिकवलास. तू असं काही करू शकतेस हे माझ्या डोक्यात कुठे ठेवायचं तेच मला कळत नाही. राग येतो. मग तुझं ते दातांचं वाक्य आठवतं आणि धड रागावताही येत नाही.

हो, मी हसले होते. आणि तुला हे माहीत नाही, त्या पहिल्या चित्रात मनोरा तेवढा लाल नव्हता. मी तो मुद्दाम गडद केला होता, उठून दिसावा म्हणून. मला वाटलं होतं, तुझं किती मोठं काम आहे ते सगळ्यांना दिसेल. मग साहेब विनोद करून गेले आणि मी खुलासा केला नाही. सगळे हसतायत तेव्हा आपणही हसावं, एवढं सोपं होतं ते.

आता इस्पितळांचं. त्र्याहत्तर ठिकाणांहून उत्तर आलं, काही अनुचित घडलेलं नाही. एका ठिकाणी घडता घडता राहिलं. डॉक्टरांनी घाईत जास्त आकडा टाकला, आपल्याकडून हिरवी खूण मिळाली, पण सिस्टर म्हणाल्या, "एवढ्याशा जिवाला एवढी मोठी सिरिंज? मी नाही टोचणार," आणि त्यांनी भांडून थांबवलं.

पंचाहत्तरावं इस्पितळ. जानेवारी. वेळेआधी जन्मलेली मुलगी, वजन एक किलो नऊशे. जंतुसंसर्ग झाला म्हणून अँटिबायोटिक, डिसेंबरमध्ये आपल्या यादीत आलेलं. डॉक्टरांच्या हातून मोठ्या मुलाची मात्रा पडली, जवळजवळ तिप्पट. हिरवी खूण. चार दिवस. पाचव्या दिवशी रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडावर ताण दिसला म्हणून औषध बंद केलं. मूत्रपिंडं सावरली. मुलगी आहे, दूध पिते, वजन वाढतंय.

पण आत्या, ते औषध जास्त झालं तर कानांवर जातं.

पहिल्या चाचणीत तिनं आवाजाला नीट प्रतिसाद दिला नाही. दुसरी चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. हे तुला लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. तूच म्हणाली होतीस, जसं असेल तसं कळव.

सोमवारी मी काही बोलले नाही. लांबूला अजून काहीच माहीत नाही, तो विचारत होता, "माझं काही चुकलं का गं?" वही माझ्याकडेच आहे. एकतिसावं पान मुळात नव्हतंच, नंबर घालताना आत्याकडून चुकला, असं मी म्हटलं तर कुणी खोदून विचारणार नाही. साहेबांनासुद्धा ते बरंच पडेल. आपल्या दोघींपलीकडे कुणाला ठाऊक नाही. तू सांगशील तसं करीन. एकदा तरी मला तुझ्या बाजूनं उभं राहू दे.

भिंगरी


३० मार्च

भिंगरे,

माझ्या बाजूनं उभी राहू नकोस. तिथे जागा नाही.

साहेबांना सगळं लिहून आज टपालात टाकलं, सोबत फाडलेलं पान. तेच सगळं त्या इस्पितळाच्या प्रमुखांनाही लिहिलं. काय करायचं ते करू देत, पेन्शन थांबवू देत, पोलिसांत देऊ देत. लांबूला तूच सांग, तुझ्या तोंडानं, की तू त्याच्यावर संशय घेतला होतास. ते टाळू नकोस. टाळलेल्या गोष्टी कुठे जाऊन बसतात ते बघतेयस ना?

आधी ती ओळ बदला. मर्यादा नसेल तर थांब.

आणि इस्पितळाला एक विचारून बघ. त्या मुलीची आई मला भेटेल का?

पंचवीस वर्षांपूर्वी मला कुणी सांगितलं असतं की एक दिवस मला हे लिहावं लागेल, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

ओळ बदलली. आता मर्यादा नसेल तर पडदा पिवळा होतो आणि फार्मसीतल्या माणसानं बघितल्याशिवाय पुढे जात नाही. पहिल्या दिवशी इस्पितळांतून साठ फोन आले, "काम अडतंय." साहेबांनी स्वतः घेतले. प्रत्येकाला सांगत होते, "अडू द्या."

तुझं पत्र त्यांनी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. निरोपाच्या जागीच वाचलं, त्यांचा विनोद होता तिथे ते अडखळले, पण गाळला नाही. हिशेबवाल्या बाई रडत होत्या. मग लांबू उभा राहिला. मी त्याला सकाळीच माझ्या संशयाचं सांगितलं होतं. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "तरीच म्हटलं चहा का वाया जातोय." आता म्हणाला, "आठ महिने रोज हा कागद बघत जिना चढलोय. शेजारची यादी लाल आणि मनोरा करडा होत गेलेला. मला एकदाही वाटलं नाही की काहीतरी चुकतंय. आत्याबाईंनी पान फाडलं, ते वाईट केलं. पण आम्हाला तर भिंतीवर छापून दिलेलं वाचता आलं नाही." कंपनी तुझ्याबाबत काय करणार ते वकिलांना विचारतायत. साहेबांनी तुला स्वतः लिहिलंय, पोचेल.

सोमवारचे सगळे कागद मी उतरवले. करडं म्हणजे बरं, हे मीच ठरवलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. आता नकाशात आणखी एक गोष्ट काढतो. ज्या दोन इमारती पूर्वी नेहमी बरोबर बदलत आल्या, त्यांच्यामध्ये एक रेघ. एक बदलली आणि दुसरी बदलली नाही, की ती रेघ काळी होते. पहिल्यांदा छापलं आणि आम्ही सगळे कागदाभोवती जमलो. सात काळ्या रेघा, आत्या. मला वाटलं होतं, एकच निघेल. चार तशा निरुपद्रवी होत्या. तुझी एक. आणि दोन खऱ्या, त्यातली एक रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे त्या नोंदीची. तिकडे तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला एक माणूस दर महिन्याला काहीतरी हातानं जुळवत असे. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं तर पानही फाडलं नव्हतं, त्याला कुणी वहीच दिली नव्हती. आता काळी रेघ दिसली की आम्ही आधी एकच विचारतो, इथून कोण गेलं?

इस्पितळाकडून निरोप आलाय. त्यांनी त्या आईला सगळं खरं सांगितलंय. ती भेटायला तयार आहे, शनिवारी, अठरा तारखेला. तिनं म्हणे एकच विचारलं, "त्या बाईंना खरंच ऐकू येत नाही?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग त्यांना एकटीला पाठवा." मी फाटकापर्यंत तरी येऊ का? नको म्हणशील, माहीत आहे.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरे,

जाऊन आले. जसं झालं तसं लिहिते.

नवजात मुलांच्या विभागाबाहेर लाकडी पट्ट्यांचा लांब बाक आहे. ती त्यावर बसली होती, मुलगी मांडीवर, केस बँडेजच्या पट्टीनं बांधलेले. तुझ्याहून लहान असेल. मी समोर उभी राहिले. तोंडपाठ करून नेलेलं सगळं बोलले. माझा आवाज किती मोठा झाला मला कळलं नाही, पण पलीकडची सिस्टर वळून बघायला लागली तेव्हा हळू केला. माफी मागितली. ती काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी वही पुढे केली.

तिनं लिहिलं, "डावा कान ठीक आहे. उजव्याचं सहा महिन्यांनी कळेल."

मग लिहिलं, "माफी राहू द्या. ती घेऊन मी काय करू?"

मी मान हलवली. वाटलं, झालं, आता जावं. तेवढ्यात तिनं वही परत ओढली आणि बराच वेळ लिहीत राहिली. एका हातानं लिहीत होती, दुसरा मुलीच्या पाठीवर होता.

"इथले सगळे मला म्हणतात, काही होणार नाही, आणि झालं तरी हल्ली यंत्रं मिळतात. मला खरं कुणी सांगत नाही. तुम्ही सांगा. ऐकू येईनासं झाल्यावर घरच्यांनी, कामावरच्यांनी काय काय केलं जे तुम्हाला सोसलं नाही? ते सगळं लिहून द्या. म्हणजे मी ते हिच्याशी करणार नाही."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. मारेल कदाचित. त्याची तयारी करून गेले होते. ह्याची नव्हती.

मी भिंतीला टेकून लिहायला लागले. मागून येऊन खांद्याला हात लावू नका. 'काही नाही, नंतर सांगते' असं म्हणू नका. तिच्यासमोर तिच्याबद्दल दुसऱ्यांना विचारू नका. बोलताना तोंडासमोर हात धरू नका. जेवताना दिवा मंद करू नका. असं एकेक. अडीच पानं झाली. भिंगरे, ह्यातलं एकही मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला आपोआप कळायला हवं, असं धरून बसले होते.

तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, "एवढंच नाही. तुम्ही शेवटी थांबलात. का?"

बाईची नजर बघ. थांबलेच होते. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत राग तसाच, पण उत्तर हवं होतं तिला. मग मी पेन घेतलं आणि लिहिलं, की सगळ्यात वाईट लोकांनी केलं नाही, मी केलं. ऐकू आलेलं नसताना मी हसून मान हलवत असे, आणि मग कुणी परत सांगितलं नाही म्हणून मनात त्यांच्यावर डूख धरत असे. तुमची मुलगी असं करायला लागली तर पहिल्याच दिवशी तिला पकडा. हात धरून विचारा, काय ऐकलंस ते सांग.

तिनं ते वाचलं आणि वही मिटून आपल्या पिशवीत टाकली. माझी वही, पण मी मागितली नाही. मुलगी जागी झाली होती, तोंड उघडून रडत होती, चेहरा लालेलाल. तिनं तिला ह्या हातावरून त्या हातावर घेतलं, आणि माझ्याकडे न बघता बाकावर थोडी पलीकडे सरकली. एका माणसापुरती जागा झाली.

मी बसले.

तुझी,
आत्या